चालतंय, तरी बदलायचं

"चालतंय ना? मग हात लावू नका." यंत्रं सांभाळणाऱ्यांच्या जगात हा सल्ला प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. देणारा बहुधा अनुभवी असतो, एखाद-दुसऱ्या वेळी पोळलेला असतो, त्यामुळे त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. सर्व्हर महिनोन्‌महिने अखंड चालू आहे, अपटाइमचा आकडा वाढत चाललाय, त्या आकड्याचा थोडा अभिमानही आहे. अशा वेळी कुणी म्हणालं की याचा कर्नल बदलू या, तर आधी कपाळाला आठ्याच पडतात. ब्राउझर बदला, डेटाबेस बदला, पण सगळं ज्याच्यावर उभं आहे तोच बदलायचा?

माझं उत्तर हो असं आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल वेळच्या वेळी बदलत राहणं हे यंत्राची काळजी घेण्यातलं पहिल्या क्रमांकाचं काम आहे असं मी मानते, आणि गेली बरीच वर्षं ते आवडीने करत आले आहे. न बदलता थांबून राहण्यात जी सुरक्षितता वाटते ती खरी नसते. पण हे नुसतं सांगून पटणारं नाही, त्यासाठी थोडं आत डोकवावं लागेल.

आपण वापरतो त्यांतला कुठलाही प्रोग्रॅम डिस्कला किंवा नेटवर्क कार्डाला स्वतः शिवत नाही. साधी फाइल उघडायची असली तरी तो कर्नलकडे मागणी करतो आणि कर्नल ती पुरी करतो. प्रोसेसरवर पुढची पाळी कुणाची, मेमरी कुणाला किती, कुठली फाइल कुणी वाचायची आणि कुणी नाही, हे सगळं तिथेच ठरतं. पासवर्ड, परवानग्या, कंटेनर, फायरवॉल, सुरक्षेसाठी म्हणून जे जे आपण उभं करतो ते सगळं शेवटी कर्नलच्या शब्दावर टिकून असतं. तिथली एक चूक वरच्या साऱ्या बंदोबस्ताला वळसा घालून जाते.

अपग्रेड होताना टर्मिनलकडे बघत बसायची मला सवय आहे. आधी पॅकेज उतरतं. मग कर्नलची दाबून लहान केलेली इमेज बूटच्या फोल्डरमध्ये येऊन बसते. ती जेमतेम काही एमबींची असते. तिच्या जोडीची मॉड्यूल्स, म्हणजे गरजेनुसार जोडले जाणारे कर्नलचे तुकडे, एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, आणि त्या फोल्डरचं नाव म्हणजे त्या कर्नलचा नेमका व्हर्जन नंबर. नंबर जुळला नाही तर मॉड्यूल लोड होत नाही, इतका हा हिशेब काटेकोर. त्यानंतर इनिटरॅमएफएस (त्याचं काम पुढे सांगते) तयार व्हायला लागतो आणि स्क्रीन काही वेळ तिथेच अडून राहते. पंख्याचा आवाज वाढतो. शेवटी ग्रब, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणारा प्रोग्रॅम, आपली यादी नव्याने लिहितो: हा कर्नल सापडला, हा सापडला, हाही सापडला. प्रॉम्प्ट परत येतो.

आता चालू कर्नलचा नंबर सांगणारी 'यूनेम -आर' ही आज्ञा टाइप करून बघा. नंबर जुनाच येतो.

डिस्कवर नवा कर्नल आहे आणि मेमरीत जुना धावतोय. ही मधली अवस्था काही मिनिटं टिकते, किंवा रीबूट टाळणारा माणूस असेल तर काही महिने. 'अपग्रेड केलंय' असं सांगितलं जाणाऱ्या कितीतरी यंत्रांवर प्रत्यक्षात जुनाच कर्नल चालू असतो. पॅकेजांची यादी नवी दिसते, तपासणाऱ्याचं समाधान होतं, आणि भोक जिथल्या तिथे. म्हणून एखाद्या यंत्राची चौकशी करताना मी पॅकेजांच्या यादीवर थांबत नाही, यूनेम बघते. आर्च लिनक्ससारख्या डिस्ट्रोमध्ये (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार संच) तर ही मधली अवस्था लगेच जाणवते, कारण तिथे अपग्रेड होताच जुनी मॉड्यूल्स निघून जातात. रीबूट केलेलं नसेल आणि पेनड्राइव्ह लावला, तर त्याला लागणारं मॉड्यूल आधीच लोड झालेलं नसल्यास ते आता सापडत नाही.

रीबूट न करता चालू कर्नलला ठिगळ लावायची सोयही आहे. लाइव्ह पॅचिंगचा पाया २०१५ मध्ये ४.० बरोबर मुख्य कर्नलमध्ये आला. जुन्या फंक्शनकडे जाणारी वाट नव्या फंक्शनकडे वळवायची, अशी ती युक्ती. ज्या यंत्राला क्षणभरही थांबता येत नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण त्याने छोट्या, नेमक्या दुरुस्त्या होतात. आतली रचना बदलणारे बदल त्या वाटेने आणणं कठीण. तेव्हा रीबूट पुढे ढकलता येतो, कायमचा चुकवता येत नाही.

रीबूटच्या त्या काही सेकंदांत काय काय होतं हे एकदा समजून घेतलं की भीती बरीच कमी होते. कर्नल आधी स्वतःच स्वतःला उलगडतो, मेमरीचा ताबा घेतो, प्रोसेसरचे बाकीचे कोअर जागे करतो, आणि मग एका पेचात सापडतो. मूळ फाइल सिस्टीम ज्या डिस्कवर आहे ती वाचायला ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर ठेवलेला. इनिटरॅमएफएस असतो तो हा पेच सोडवायला: मेमरीत उलगडलेली एक छोटी फाइल सिस्टीम, तिच्यात डिस्क उघडण्यापुरती साधनं. ती बनलीच नाही किंवा अर्धवट बनली, तर काळ्या स्क्रीनवर ती ओळ येते: 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. पहिल्यांदा ही ओळ बघणाऱ्याला डिस्क गेली असंच वाटतं. डिस्कला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. बूटचं पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरून गेलेलं असतं आणि नवा इनिटरॅमएफएस लिहायला जागा उरलेली नसते, हे त्यामागचं एक नेहमीचं कारण. यंत्र पुन्हा चालू करायचं, ग्रबच्या मेनूत खाली जायचं, आधीचा कर्नल निवडायचा. यंत्र उभं राहतं.

तो आधीचा कर्नल तिथे शाबूत असतो यात मला या व्यवस्थेचं खरं शहाणपण दिसतं. बाकीची पॅकेजं जुन्याच्या जागी बसतात. कर्नल जुन्याच्या शेजारी बसतो. डिस्ट्रोंपैकी फेडोरा मुळातच तीन कर्नल ठेवतो, डेबियन आणि उबंटूही आधीचा लगेच काढत नाहीत. ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांनी नव्या कर्नलवर आंधळा विश्वास टाकला नाही, आणि जुन्यालाच चिकटूनही राहिले नाहीत. अपग्रेडला घाबरणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा हा मेनू दाखवते.

पण परतीची वाट असली तरी रोज परतावं लागलं तर पुढे कोण जाईल? लिनक्सवर तशी वेळ सहसा येत नाही, आणि त्याचं श्रेय एका नियमाला आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या नियमासाठी वेळोवेळी इतक्या कठोरपणे भांडले आहेत की कर्नलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ असतो: वर चालणारे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत. काल चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालेनासा झाला, तर चूक कर्नलची. तो प्रोग्रॅम चुकीचं काहीतरी गृहीत धरून लिहिलेला असला, तरीही कर्नलचीच.

याचं माझं आवडतं उदाहरण ३.० चं आहे. २.६ ही मालिका २००३ च्या डिसेंबरात आली आणि पुढची सात-साडेसात वर्षं तिच्याच पुढे आकडे लागत गेले, २.६.३९ पर्यंत. २०११ च्या जुलैत, लिनक्सला वीस वर्षं होत आली होती तेव्हा, टोरवाल्ड्स यांनी पुढच्या आवृत्तीला सरळ ३.० म्हटलं. आत काही उलथापालथ झालेली नव्हती, फक्त आकडा बदलला होता. तरी काही प्रोग्रॅम अडले, कारण त्यांच्या मते लिनक्सचा नंबर २.६ नेच सुरू व्हायला हवा होता. दोष उघडच त्या प्रोग्रॅमांचा. पण कर्नलमध्ये त्यांच्यासाठी एक सोय केली गेली: तशी सूचना देऊन प्रोग्रॅम चालवला, की कर्नल त्याला आपण ३.० नसून २.६.४० आहोत असं सांगतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या कर्नलने कुणा जुन्या, कदाचित मालकही न उरलेल्या प्रोग्रॅमसाठी एवढं करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशा वागण्यामुळेच मी निर्धास्तपणे नवा कर्नल घेऊ शकते.

आतल्या आत मात्र असा कुठलाही शब्द दिलेला नाही, आणि अपग्रेडवरच्या पुष्कळ रागाचं मूळ या फरकात आहे. कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातली मांडणी कधीही बदलू शकते. प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणारी स्टेबल शाखा सांभाळणारे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी हे स्पष्ट करणारं एक टिपण लिहिलंय आणि ते कर्नलच्या सोर्स कोडबरोबरच येतं. ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या कोडमध्येच असेल तर मांडणी बदलणाऱ्यालाच तो नव्या मांडणीत बसवून द्यावा लागतो. बाहेर राहणारा ड्रायव्हर मागे पडतो. डीकेएमएस नावाचं साधन त्याला प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करू पाहतं आणि एखाद्या दिवशी ते जमत नाही. मग ग्राफिक्स गेलं, वायफाय गेलं अशा तक्रारी सुरू होतात. माझ्या मते इथे दोष अपग्रेडचा नसतो. म्हणून यंत्र निवडताना प्रोसेसरच्या वेगाआधी मी हे बघते की त्यातल्या प्रत्येक भागाचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे की नाही. पुढच्या सगळ्या वर्षांची शांतता त्या एका गोष्टीवर ठरते.

थांबून राहण्यातला धोका सांगायचा असला की मी डर्टी पाइप या नावाने गाजलेल्या चुकीची हकिगत सांगते. तिची सुरुवात अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीने झाली. माक्स केलरमन हे वेब होस्टिंगच्या कामातले प्रोग्रॅमर. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे एक तक्रार आली: ग्राहकाने उतरवून घेतलेली लॉग फाइल उलगडत नाही. फाइल जीझिपने दाबलेली होती आणि तिची सीआरसी, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा, जुळत नव्हती. त्यांनी ती हाताने दुरुस्त करून विषय मिटवला. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. बिघडलेल्या फाइली एकत्र ठेवून बघितल्या तर बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या निघाल्या, आणि बिघाड शेवटच्या आठ बाइटांत. ते आठ बाइट कुठले, तर झिप फाइलमधल्या एका हेडरच्या सुरुवातीचे. रोजच्या लॉग फाइली जोडून महिन्याची एक झिप बनवून देणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. त्याने पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या कर्नलमधल्या वाटेत, लिहिलेले बाइट मूळ लॉग फाइलमध्ये उतरत होते, आणि त्या फाइलमध्ये लिहायची त्याला परवानगीच नव्हती!

आपल्याच कोडमध्ये चूक असणार असं कुठलाही चांगला प्रोग्रॅमर आधी धरून चालतो. कर्नलवर संशय घेणं हे अगदी शेवटचं. केलरमन यांनी दोन इवलेसे प्रोग्रॅम लिहिले. पहिला फाइलमध्ये 'ए' लिहीत राहतो. दुसरा ती फाइल फक्त वाचून तिचा मजकूर पाइपमध्ये सरकवतो आणि नंतर पाइपमध्येच 'बी' लिहितो. फाइलमध्ये 'बी' दिसायला लागले. या दोन प्रोग्रॅमांमध्ये दोष दडवायला जागाच नव्हती. दोष कर्नलचा होता.

झालं होतं असं: पाइपमधल्या प्रत्येक बफरबरोबर, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवायच्या कप्प्याबरोबर, खुणा ठेवायचा एक रकाना असतो. दोन फंक्शनांमध्ये नवा बफर घेताना तो रकाना पुसायचा राहून गेला होता, तोही २०१६ च्या ४.९ पासून. तोवर त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. २०२० च्या ५.८ मध्ये त्या रकान्यात एक खूण आली, 'या बफरच्या मजकुराला पुढे आणखी मजकूर जोडला तरी चालेल' अशा अर्थाची. आधीच्या वापरातून ती खूण तशीच राहून गेली, की साधा वापरकर्ता फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलचा मजकूर बदलू शकायचा. वापरकर्त्यांची नोंद असलेल्या सिस्टीमच्या फाइलचासुद्धा. चार वर्षं निरुपद्रवी असलेली चूक दुसऱ्या कुणाच्या तरी नीटनेटक्या बदलाने घातक झाली. दुरुस्ती दोन ओळींची होती: दोन्ही ठिकाणी रकाना शून्य करा.

मला यातल्या तारखा महत्त्वाच्या वाटतात. केलरमन यांनी कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवलं २० फेब्रुवारी २०२२ ला. २३ फेब्रुवारीला दुरुस्तीसह ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ बाहेर पडले. जगाला सविस्तर कळलं ७ मार्चला. मधल्या बारा दिवसांत ज्यांनी आपल्या नेहमीच्या शिरस्त्याने नवा कर्नल घेऊन रीबूट केलं, ते धोक्याचं नाव ऐकायच्या आधीच त्यातून बाहेर होते. ७ मार्चला बातमी वाचून ज्यांची धावपळ सुरू झाली, त्यांच्या हातात नेमकी तीच दुरुस्ती होती, फक्त आता हल्ला कसा करायचा हेही सगळ्यांना माहीत झालेलं होतं.

स्टेबल शाखेचा अंक जाहीर करताना क्रोह-हार्टमन ठरलेलं एक वाक्य लिहितात, की या मालिकेच्या सर्व वापरकर्त्यांनी अपग्रेड केलंच पाहिजे. कुणाला ते शिष्टाचाराचं वाटेल. मी ते शब्दशः घेते. कारण बदलांच्या यादीतली कुठली साधीसुधी ओळ उद्या डर्टी पाइप ठरणार आहे हे यादी वाचून बहुतेक वेळा कळत नाही. लिहिणाऱ्यालाही ते माहीत असेलच असं नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात दुरुस्त झालेली डर्टी काऊ ही चूक तर निदान २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती, आणि दुरुस्ती लिहिताना टोरवाल्ड्स यांनीच नमूद केलं की अकरा वर्षांपूर्वी ती सुधारायचा एक प्रयत्न आपण केला होता, पण दुसऱ्या एका प्रोसेसरवर अडचण आल्याने तो मागे घ्यावा लागला. इतक्या वर्षांत जो सर्व्हर "चालतोय ना" म्हणून तसाच ठेवला गेला, तो सुरक्षित कधीच नव्हता. त्याच्यातलं भोक फक्त कुणाला ठाऊक नव्हतं.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय माझ्या म्हणण्याला वजन येणार नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर ६.१.६४ आला. ६.१ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा, डेबियन १२ तिच्यावरच उभा आहे. त्या अंकात एक्सटी४ या फाइल सिस्टीमसाठी मुख्य शाखेतली एक दुरुस्ती मागे आणली होती. मुख्य शाखेत ती बिनचूक होती. पण तिथे तिच्याआधी आणखी एक बदल झालेला होता, ही दुरुस्ती त्याच्यावर विसंबून होती, आणि तो बदल ६.१ मध्ये आलेलाच नव्हता. परिणामी काही विशिष्ट पद्धतीने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी 'फाइलमध्ये पुढचं कुठे लिहायचं' हे स्थान चुकायला लागलं आणि डेटा खराब होण्याचा धोका उभा राहिला. डेबियनने १२.३ चं प्रकाशन थांबवलं, लोकांना इतक्यात अपग्रेड करू नका म्हणून कळवलं, आणि ६.१.६६ घेऊन १० डिसेंबरला थेट १२.४ प्रसिद्ध केला.

'हात लावू नका' म्हणणारे ही घटना पुढे करतात, आणि करायलाच हवी. ग्रबच्या मेनूतला जुना कर्नल यंत्र उठवून देईल, बिघडलेला डेटा परत देणार नाही. त्यासाठी बॅकअपच लागतो, आणि तो अपग्रेडच्या आधी घेतलेला लागतो. पण या घटनेतून 'बदलूच नका' असं निघत नाही. सगळ्या यंत्रांवर एकाच दिवशी बदलू नका, हे निघतं. मी आधी कमी जोखमीच्या यंत्रावर घेते, थोडे दिवस त्याच्यावर नेहमीचं काम करते, डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, वाचते, मग बाकीच्यांवर नेते. नवी मालिका सुरू झाली की तिचा पहिलाच अंक मुख्य यंत्रावर टाकत नाही, दोन-चार अंक जाऊ देते. डर्टी पाइपसारखं काही असेल तर अर्थातच वाट बघायची नाही.

कर्नलच्या गतीचा अंदाज असला की हे वेळापत्रक बसवता येतं. मुख्य शाखेची आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घ्यायचे, मग दार बंद, आणि दर रविवारी एक आरसी, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती. सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती. एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ५.१९ नंतर ६.० का आणि ४.२० नंतर ५.० का, याला काही खोल अर्थ नाही. आकडे मोठे झाले की टोरवाल्ड्स पहिला आकडा वाढवतात, इतकंच. मोठा आकडा बघून घाबरणारे आणि हुरळून जाणारे दोघेही उगाचच तसं करतात.

खरे मोठे बदल कुठल्याही आकड्याला येतात. २०२४ च्या नोव्हेंबरातला ६.१२ मला फार मोठा वाटतो. यंत्राने ठरलेल्या वेळेच्या आत प्रतिसाद द्यायलाच हवा अशी जी कामं असतात, कारखान्यातले रोबॉट, ध्वनिमुद्रण वगैरे, त्यांच्यासाठीचा रिअल-टाइम कर्नल जवळजवळ वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर, वेगळ्या पॅचेसच्या रूपात जगत होता. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सोबती त्यातला एकेक तुकडा घासूनपुसून मुख्य कर्नलमध्ये नेत होते. शेवटचा अडसर कुठला राहिला असेल? स्क्रीनवर संदेश छापण्याचा. कर्नल जागा झाल्यावर अगदी सुरुवातीला जे करतो, ती साधी ओळ छापण्याची क्रिया, तीच बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवायची. ती नव्याने रचेपर्यंत रिअल-टाइमला आत येता येत नव्हतं. व्हिएन्नातल्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी बदल आत घेण्याची ही शेवटची विनंती कागदावर छापून, बांधून टोरवाल्ड्स यांच्या हातात दिली. वीस वर्षं एका गोष्टीचा पाठपुरावा करून ती शेवटी सगळ्यांच्या नेहमीच्या अपग्रेडमधून पोचवणं, याच्यापुढे मला नम्र व्हायला होतं.

काही गोष्टी येतात तशा काही जातातही. टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिला तो इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. त्याच ३८६ चा आधार २०१३ च्या ३.८ मध्ये काढून टाकला गेला आणि त्यांनी त्याबद्दल जराही हळहळ दाखवली नाही. मला ते पटतं. जुन्या यंत्राविषयी मला माया आहे, पण त्याच्यासाठी लिहिलेला कोड कुणीतरी सांभाळावा लागतो, दर बदलाला तपासावा लागतो, आणि ज्याला कुणी वापरतच नाही त्याच्या चुका कोण शोधणार? ज्याच्याकडे खरंच असं यंत्र आहे त्याने त्याला चालणाऱ्या शेवटच्या शाखेवर राहावं, आणि त्या यंत्राला नेटवर्कपासून लांब ठेवावं.

वर्षानुवर्षं न बदलता एकदम चार मालिका ओलांडून उडी मारणाऱ्यांची एक वेगळीच अडचण होते. काही बिघडलं तर ते कशाने बिघडलं हे उकलणं अवघड, कारण हजारो बदल एकाच वेळी अंगावर आलेले असतात आणि बिघाडही एकात एक गुंतलेले. लहान पावलं टाकणाऱ्याला उत्तर सापडतं. मागे माझ्या लॅपटॉपवर एका अपग्रेडनंतर झाकण मिटून उघडलं की टचपॅड मरून पडायला लागला. आधीच्या कर्नलवर तो व्यवस्थित होता. म्हणजे दोन टोकं हातात होती, एक चांगलं, एक वाईट, आणि अशा वेळी 'गिट बायसेक्ट' लागतं.

ही रीत मला अतिशय आवडते. दोन टोकांच्या बरोबर मधला कोड घ्यायचा, त्याचा कर्नल कंपाइल करायचा, बूट करायचा, तपासायचं. बिघाड दिसला तर मागचा अर्धा भाग घ्यायचा, नाही दिसला तर पुढचा. पुन्हा मध्य. दहा-पंधरा हजार बदल असले तरी तेरा-चौदा फेऱ्यांत एकच उरतो. कंपाइलला वेळ लागतो म्हणून आधी 'लोकलमॉडकॉन्फिग' चालवून यंत्रात सध्या वापरात असलेल्या मॉड्यूल्सपुरताच कर्नल बनवायचा. मग प्रत्येक फेरीला तेच: बूट, झाकण मिटायचं, थोडं थांबायचं, झाकण उघडायचं, टचपॅडवर बोट फिरवायचं. बाण हलला तर 'गुड', नाही हलला तर 'बॅड'. इथे अंदाजाला जागा नाही, मताला जागा नाही, आणि कर्नल कसा लिहितात हे माहीत असण्याचीही गरज नाही. धीर असला की झालं.

शेवटी उरला तो वीज वाचवण्यासाठी केलेला एक छोटा बदल. दुसऱ्या यंत्रांसाठी तो अगदी योग्य होता. माझ्या लॅपटॉपमधली चिप झोपेतून उठताना थोडा जास्त वेळ मागत होती. मी तो कमिट (म्हणजे नोंदलेला तो बदल), दोन्ही कर्नलांचे डीमेसेज आणि यंत्राचं मॉडेल असं सगळं त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरला, म्हणजे तो सांभाळणाऱ्याला, लिहून पाठवलं. उत्तर लवकर आलं, सोबत एक लहानसा पॅच आणि 'हा लावून बघता का' एवढंच. मी लावला, बूट केलं, झाकण मिटलं, उघडलं. बाण हलला. तसं कळवलं.

तो पॅच आधी मुख्य शाखेत गेला. त्याच्या खाली 'फिक्सेस' म्हणून बिघाड आणणाऱ्या कमिटचा नंबर होता, 'रिपोर्टेड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' पुढे माझं नाव होतं. त्या 'फिक्सेस' ओळीच्या आधाराने तो स्टेबल शाखेतही उतरला, आणि यथावकाश माझ्या डिस्ट्रोच्या साध्या अपग्रेडमधून माझ्यापर्यंत आला. तशीच चिप असलेल्या बाकीच्या सगळ्यांपर्यंतही. त्यांतल्या बहुतेकांनी बदलांची यादी वाचलीही नसेल. मी ती वाचली, रीबूट केलं, यूनेम बघितलं. मग इतके दिवस होल्डवर ठेवलेला तो चांगला चालणारा कर्नल मोकळा केला आणि जुनी पॅकेजं काढणाऱ्या पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये जाऊ दिला.